चावरा अजगर आणि जात्याचा खुंटा

बायको पंचमीला माहेरी गेली ती जात्याचा खुंटा घेऊन गेली.

लुगडी नेली असती तर मला काही वाटलं नसतं. पितळेची भांडी नेली असती तरी मी केळीच्या पानावर जेवलो असतो. पण खुंटा! वीतभराचं लाकूड ते. जात्याच्या वरच्या दगडात ते ठोकलेलं नसलं की जातं फिरत नाही, जातं फिरलं नाही की पीठ नाही, आणि पुढचं सांगायला नको. परतुरात तेव्हा पिठाची गिरणी आलेली नव्हती. रुसून जायच्या शंभर तऱ्हा मी ऐकल्या होत्या, त्यात ही नव्हती.

तिचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला आला होता. दमणी दारात उभी, बैल शेपट्या हलवून राह्यलेले, आणि ही बोचकं मांडीवर घेऊन आत बसलेली. खुंट्याचं टोक बोचक्यातून बाहेर आलं होतं. मी म्हणालो, "अगं, तो खुंटा कामून?"

"तुमचं ते जनावर तुमच्या हातात गपगुमान बसंल, मी माझ्या डोळ्यानं पाहीन, मंग हा जात्यात बसंल. पोळ्यापर्यंत वाट पाहीन. न्हाई तर हाय मी आष्टीला."

"आन पोळ्यानंतर?"

"पोळ्यानंतर आई म्हणंल तसं."

सासूबाई काय म्हणतील ते मला पाठ होतं. लग्नाच्या बैठकीतच त्या म्हणाल्या होत्या की पोरगा शिकलेला आहे, पण डोक्यानं जरा हलका वाटतो. तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना गप्प केलं होतं. आता तेही करतील असं वाटत नव्हतं.

ते जनावर म्हणजे अजगर. चार हात लांब आणि माझ्या मनगटाएवढा जाड. तो माझ्याकडं कसा आला हे सांगताना माझी अब्रू जाते, पण ती तशीही फारशी राहिलेली नाही.

मी परतूरच्या एका कापसाच्या जिनात कारकून होतो. आषाढात जिन बंद. कापूस संपलेला, हमाल कमी केलेले, आणि कोपऱ्यात गेल्या हंगामातल्या सरकीचा ढीग. त्या ढिगात उंदरांनी राज्य केलं होतं. एके दिवशी ढीग उपसताना हमाल ओरडले, काठ्या घेऊन धावले. मी जाऊन बघतो तर सरकीत अंग गुंडाळून हा पडलेला, अंगावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी.

"घोणस हाय! मारा!"

"अरे थांबा," मी म्हणालो, "अजगर आहे तो. अजगर चावत न्हाई. गिळतो फक्त."

मी मिडल पास होतो. त्या जिनात माझ्याएवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं माझं म्हणणं खोडायची कुणाची छाती नव्हती. अजगराची होती. मी मोठ्या ऐटीत हात पुढं केला आणि तो चावला. हमाल इतके हसले की त्यांच्या हातातल्या काठ्या गळून पडल्या. अजगर वाचला तो माझ्या विद्वत्तेमुळं नाही, त्यांच्या हसण्यामुळं.

आता माघार घ्यायची तर ती माझी रीतच नव्हती. पोतं टाकून त्याला धरला, आणि तो शांत आहे हे दाखवायला गळ्यात घातला. दोन पावलं चाललो. मग त्याला माझा गळा झाडाच्या फांदीसारखा वाटला असावा. त्यानं वेढा आवळला. मी त्याचं डोकं धरून ओढू लागलो तसा तो आणखी आवळू लागला. हमालांचं हसू थांबलं.

"मूं कू हात नक्को लगा! दुम पकड, दुम!"

ओरडणारा माणूस होता स्टेशनमागं राहणारा म्हातारा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. जालन्याच्या रिसाल्यात त्यानं उमर काढली होती, अडेल आणि चावरी घोडी शिकवण्यात. आता त्याच्याकडं एकच तट्टू उरलं होतं आणि त्याला शिकवण्यासारखं काही नव्हतं. सरकीचं पोतं न्यायला आला होता बिचारा. त्यानं अजगराची शेपटी धरली आणि दोराचा गुंता सोडवावा तशी टोकाकडून एकेक वळी उलगडत आणली. मी खाली बसून खोकत राह्यलो.

"गले में कायकू डाला रे, हौले?"

"शांत आहे हे दाखवायला."

"कौन? वो के तू?"

एवढं होऊनही मी अजगर घरी आणला. घरात उंदीर झाले होते, हे माझं कारण. खरं कारण हमालांचं हसू. मशीनचे सुटे भाग आलेलं एक देवदारी खोकं होतं, त्याला भोकं पाडली, वर झाकण, झाकणावर दगड. बायकोला मी म्हणालो, "तो तिकडं, आपण इकडं. तुला काही त्रास न्हाई."

आणि चार दिवसांनी मीच त्याला ज्वारीच्या कणगीत सोडला. कणगीत रात्रंदिवस खुडबुड चालायची. मला वाटलं, दुपारच्याला सोडू, संध्याकाळी काढू, तिला कळायच्या आत काम फत्ते. संध्याकाळी मी विसरलो. सकाळी ती मापटं घेऊन ज्वारी काढायला वाकली, आणि आतून टण्ण असा आवाज आला. त्याचे दात पत्र्याच्या मापट्यावर आदळले होते.

ती ओरडली नाही. मापटं आत तसंच टाकलं, मागं सरली, पदरानं हात पुसला.

"कणगीत काय हाय?"

"अजगर."

"जवारीत?"

"उंदरांसाठी गं. बराबर काम करतो तो."

"मापटं नसतं माझ्या हातात तर?"

  पंचमीला अजून सहा दिवस होते, तेवढे दिवस ती माझ्याशी अक्षर बोलली नाही. सातव्या दिवशी दमणी, बोचकं आणि खुंटा.

मग माझे दिवस सुरू झाले. जिनात काम नाही, घरात माणूस नाही, चुलीवर भाकरी नाही. शेजारच्या आत्याबाई कधी दोन भाकऱ्या भिंतीवरून द्यायच्या, एरवी फुटाणे आणि मुरमुरे. आंगणात जायचो, आत यायचो. खोक्याच्या भोकातून पाहायचो, भोकातून तो मला पाहायचा. उभं राहिलो की बसावंसं वाटायचं, बसलो की उठून पोळ्याला किती दिवस उरले ते मोजावंसं वाटायचं. जणू मघाशी मोजल्यापासून ते वाढणार होते.

लोकांनी सांगितलेलं सगळं केलं. दूध ठेवलं, त्यानं वाटी लवंडली आणि तीवर बसला. धूप जाळला, तो शिंकला की नाही माहीत नाही, मी शिंकलो. हातांना गोणपाट गुंडाळून धरायला गेलो तर त्याचे दात गोणपाटात अडकले आणि ते सोडवताना मला गोणपाट काढावं लागलं. मग मला वाटलं, प्रेमानं घ्यावं. रोज एक उंदीर शेपटीला धरून स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं धरू लागलो. आईनं लेकराला घास भरवावा तसा. तो उंदीर घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की माझ्या रिकाम्या हातावरच झेप घालायचा. मला फार वाईट वाटायचं. एवढं भरवतो आणि हे काय?

पंचमीला आठ दिवस होऊन गेल्यावर मी शरम गिळली आणि स्टेशनमागं गेलो.

चाचा तट्टाच्या खुरातली माती काढत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "साप का मेरेकू क्या मालूम? घोडे का मालूम है. काटनेवाला घोडा गुस्सेवाला नहीं रहता, डरनेवाला रहता. या फिर भूका. तेरा कौनसा है?"

"काय की."

"हात ला."

मी हात पुढं केला. त्यानं तो धरला, वैरण हुंगावी तसा हुंगला आणि माझ्या मांडीवर परत टाकला.

"चूहा," तो म्हणाला. "तू उसकू रोज सिखा रहा के ये पाच उंगली का चूहा है. वो बराबर सीख गया. अब रोता कायकू?"

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं, अजगराचं नंतर. हात राखेनं धुवायचे, दोनदा, आणि तिसऱ्यांदा नुसत्या पाण्यानं. उंदीर हातानं द्यायचा नाही, चिमट्यानं द्यायचा, आणि तोही खोक्यात नाही. शेजारी वेगळी टोपली ठेवायची, तिथंच जेवण. म्हणजे खोक्याचं झाकण उघडलं की ताट आलं असं त्याला वाटणार नाही. पोट भरल्यावर चार-पाच दिवस त्याला हात लावायचा नाही, नाही तर खाल्लेलं ओकून टाकील. डोळे दुधाळ झाले की समजायचं कात टाकायची वेळ आली, दिसत नाही, तेव्हा तर अंगाला बोटही नको. हे शेवटचं चाचाला माहीत नव्हतं, आत्याबाईंना माहीत होतं. चाचा म्हणाला, "सही बात. अंधे घोडे कू भी ऐसाच रखते."

वरून हात आणायचा नाही. घारही वरूनच येते. बाजूनं यायचं, अंगाच्या मध्यावर एक हात, मागं एक हात, दोन्हीकडून भार घ्यायचा. लोंबकळू द्यायचा नाही. डोकं धरायचं नाही. गळ्यात, हे सांगताना चाचानं माझ्याकडं बोट रोखलं, कधीच घालायचा नाही. चावलाच तर हात ओढायचा नाही, कारण त्याचे दात आत वळलेले असतात. ओढलं की आपलंच मांस फाटतं. तोंडावर पाणी सोडायचं आणि थांबायचं. आणि एकट्यानं काढायचा नाही. दुसरं माणूस शेपटीशी पाहिजेच.

"और घोडे के पीछे से नहीं जाते. पहले आवाज देते, हात रखते, बताते के मैं आया. इसकू कान तो दिखते नहीं. तो काठी से बता. बदन पे, मूं पे नहीं. हल्के से. समझा क्या? रोज वोच काठी. उसकू समझना, काठी लगी तो खाना नहीं, हात आ रहा."

समजलो. दाराआडची बांबूची काठी घेतली, जिनात रोज हाताशी असायची तीच, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं बराबर सुरू केलं.

सुरुवातीचे आठ दिवस नुसतं खोक्याशेजारी बसायचं, असा चाचाचा हुकूम. काही करायचं नाही, बसायचं. माझ्यासारख्याला ही शिक्षाच. माझा पाय आपोआप हलायचा. पाय हलला की तो फुस्स करायचा. मग मी पाय धरून बसायचो. माझा एक जुना सदरा त्याच्या खोक्यात टाकला होता, माझा वास ओळखीचा व्हावा म्हणून. सातव्या-आठव्या दिवशी तो सदऱ्यावर डोकं ठेवून पडलेला दिसला आणि मला बायकोची आठवण आली. हे मी तिला पुढं कधी सांगितलं नाही.

पण काठी लावली की सगळं बिघडायचं. इतका वेळ मऊ पडलेला तो, काठी टेकताच मान मागं घ्यायचा, अंगाचा नागमोडी आकडा करायचा आणि झेप. एकदा, दोनदा, रोज. चाचा शेपटीशी बसून डोकं खाजवायचा.

"अजीब है. हात से नहीं डरता, काठी पे आता. घोडा होता तो मैं बोलता किसीने मारा है."

"मी कधीच मारलं न्हाई."

"तो फिर मेरेकू नहीं मालूम."

पोळ्याला पाच दिवस उरले आणि चाचा कामानिमित्त दोन दिवस जालन्याला गेला. जाताना म्हणाला, "दो दिन हात नक्को लगा." मी हो म्हणालो. पहिल्या दिवशी सकाळीच लावला.

काय करणार? पाच दिवस म्हणजे काय थोडे वाटत नव्हते, पण फारही वाटत नव्हते. आंगणात चार फेऱ्या मारल्या, पाचव्या फेरीला झाकण काढलं. काठी टेकली. त्यानं झेप घेतली ती थेट अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसावर, आणि मनगटाला दोन वेढे. मी काय केलं असेल? ओढला. बारा दिवस घोकलेलं सगळं विसरून, जोर लावून ओढला. मग आठवलं. हात आणि अजगर दोन्ही पाण्याच्या बादलीत बुडवले आणि दात आवळून थांबलो. त्यानं तोंड सोडलं. शेपटीकडून उलगडला, खोक्यात ठेवला, झाकण, दगड. धोतराची चिंधी फाडून हाताला बांधली. रक्त बरंच येत होतं.

भिंतीवरून आत्याबाईंनी मान वर काढली. "काय झालं रं?"

इथं मी साधं उत्तर दिलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण हात ठणकत होता, मन ठिकाणावर नव्हतं, आणि अशा वेळी मला विनोद सुचतात.

"पान लागलं, आत्याबाई," मी म्हणालो.

आमच्याकडं पान लागलं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. सापाचं नाव घ्यायचं नाही, चावला असंही म्हणायचं नाही. नाग, घोणस, फुरसं, काहीही डसलं की पान लागलं एवढंच म्हणायचं आणि धावत सुटायचं. बिनविषारी अजगराच्या चाव्याला एवढा मोठा शब्द वापरला की आत्याबाई हसतील, असं मला वाटलं.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोंब ठोकली.

पुढं सगळं फार जल्दी झालं. चार जणांनी मला उचललं. मी "अहो, अजगर! अजगर!" म्हणून ओरडतोय आणि ते एकमेकांना सांगताहेत, "बरळायला लागला." मारुतीच्या देवळात नेऊन पारावर बसवलं. पुजाऱ्यानं कडुलिंबाचा पाला मुठीनं तोंडात कोंबला. विष चढलं असलं की लिंब कडू लागत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

"बोल! कडू लागतंय का गोड?"

भोवती सगळी गल्ली जमलेली.  एवढे लोक आपल्या तोंडाकडं पाहून राह्यलेत, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तोंड तर कडूजहर झालं होतं. पण इतके दिवस मुरमुऱ्यांवर राहिलेल्या माणसाला हिरवं काहीही...

"गोड," मी म्हणालो.

गर्दीतून जो आवाज उठला तो ऐकून माझा विनोद जागच्या जागी वारला. मी "न्हाई न्हाई, कडू! लई कडू!" म्हणू लागलो, पण गोड म्हणालेल्या माणसाचं पुढचं बोलणं विषाचं असतं. हिरव्या मिरच्या आल्या. झोपू नये म्हणून दोघं आळीपाळीनं गालावर मारू लागले. आणि त्या गडबडीत आमच्या जिनाचा चपराशी चाचाचं तट्टू सोडून आष्टीला निघून गेल्ता. जावयाला पान लागलं, हे सांगायला.

हे मला दोन तासांनी कळलं. त्या क्षणापासून मला खरोखरच विष चढल्यासारखं झालं.  मी बसल्या जागी पुढं-मागं डुलू लागलो, ते पाहून त्यांनी आणखी मिरच्या आणल्या.

ऊन उतरायच्या सुमाराला दमणी देवळापुढं थांबली. बैल फेसाळलेले. मामा आधी उतरले, फेटाही नव्हता त्यांच्या डोक्याला. मामांना मी उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. मागून ती. अनवाणी. गर्दी बाजूला झाली.

तोपर्यंत मला काही होत नाही हे बघून अर्धे लोक घरी गेले होते आणि उरलेल्यांना संशय येऊ लागला होता. ती पुढ्यात येऊन उभी राहिली. हाताची चिंधी पाहिली. तोंडातला हिरवा चोथा पाहिला.

"काय लागलं?"

"पान."

"कोन्या जनावराचं?"

मी खाली पाहिलं. "आपल्याच."

 मग मामांचा आवाज आला, अगदी हळू, आणि मला तोच सगळ्यात जास्त लागला.

"जावईबापू, चार कोस म्या हिला रडू देलं न्हाई. म्हनलं, आसंल जित्ता, धीर धर. बस पोरी दमणीत. उद्या तुझी भांडी न्यायला गडी येतील."

त्यात राग नव्हता. बाजारात खोडीचा बैल गळ्यात पडल्यावर माणूस जसा दावं सोडतो, तसं ते बोलणं होतं. मी उठायला गेलो, पाय वळले होते, पुन्हा बसलो.  

तिनं कमरेचं बोचकं सोडलं. आत फक्त खुंटा होता.

"निरोप आला तवा हाच हाताला लागला," ती बापाला म्हणाली. "मला वाटलं, मी जातं मोकळं करून गेले, म्हणून घर मोकळं झालं." मग माझ्याकडं वळली. "उद्या सकाळी दाखवा. मी पाहीन. मंग बापाच्या संगं जायाचं का न्हाई ते मी सांगीन."

मामा आमच्या ओट्यावर निजले. घरात भाकरीला पीठ नाही हे पाहून ते फुटाण्याची पुडी तेवढी हातात धरून पाहत राहिले.

सकाळी मी हात धुतले. राखेनं दोनदा, पाण्यानं एकदा. जखमेला चुना झोंबावा तशी राख झोंबली. मामा दारात, हातात बैलाचा चाबूक. चाचा जालन्यात. शेपटीशी दुसरं माणूस पाहिजे, हे मी सांगितलं तेव्हा मामा चाबूक सोडायला तयार होईनात. तीच पदर खोचून पुढं आली आणि खोक्याच्या मागच्या बाजूला बसली.

मी तिला सगळं समजावलं. बाजूनं यायचं, डोकं नाही, शेपटीकडून उलगडायचं. शेवटी म्हणालो, "आधी काठीनं हळूच टेकायचं. म्हंजी त्याला कळतं, जेवण न्हाई, हात येऊन राह्यला." आणि दाराआडून काठी आणली.

"पाहू."

तिनं काठी घेतली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्या काठीनं काय मारता तुमी?"

"जिनातले उंदीर," मी सहज म्हणालो. "सकाळ-संध्याकाळ."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मामाही पाहू लागले. मी काठीकडं पाहिलं. टोकाला काळपट डाग होते, हंगामभराचे.

"हात तीनदा धुता," ती म्हणाली, "आन बोलावता त्याला उंदरानं?"

काय सांगू, त्या वेळी मला जी लाज वाटली ती देवळातही वाटली नव्हती. चार दिवस चाचा डोकं खाजवत होता, आणि इतके दिवस मी त्या मुक्या जनावराला कृतघ्न म्हणत होतो. तो बिचारा मी सांगेन तेच ऐकत होता.

तिनं काठी आंगणात फेकून दिली. इकडंतिकडं पाहिलं. मग खुंटा उचलला, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच झाकण सरकवून त्याच्या अंगावर मध्यभागी टेकला. हळूच. जात्यात बसवताना टेकतात तसा.

त्यानं मान मागं घेतली.  जीभ बाहेर आली, आत गेली. पुन्हा आली, खुंट्यावरून फिरली. वर्षानुवर्षांचं ज्वारीचं पीठ मुरलेलं लाकूड ते. त्यात त्याच्या कामाचं काहीच नव्हतं. मान सावकाश खाली आली आणि माझ्या सदऱ्यावर टेकली.

"आता," ती कुजबुजली. "पाय हलवू नका."

माझा पाय खरंच हलत होता. तो थांबवला. बाजूनं दोन्ही हात आत घातले. तो थंड होता, जड होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. माझ्या उजव्या हातावरून डाव्या हातावर गेला, चिंधी हुंगली, पुढं गेला. शेपटी तिच्या तळहातावर होती. तिनं तो काढला नाही. किती वेळ आम्ही तसे बसलो सांगता येणार नाही. इतका वेळ एका जागी मी आयुष्यात त्याआधी बसलो नव्हतो.

मामांनी चाबूक भिंतीला टेकवला.

"ठिवा आता खाली," ते म्हणाले. "आन हात धुवा. मंग मला पाणी द्या. कालपासून कुणी पाणी इचारलं न्हाई."

मामा दमणीतून एकटेच परत गेले.

दमणी वळणावरून दिसेनाशी होताच मी खुंटा उचलला आणि मोठ्या आनंदानं जात्याकडं निघालो. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खोक्याच्या झाकणावर ठेवला.

"हा न्हाई. हा आता त्याचा. आज पिठाचा वास, उद्या आनखी कशाचा, पुन्हा घोळ नको. जात्याला दुसरा करून आना. जल्दी. मला भूक लागली."

मी धावतच सुताराकडं गेलो. पोळा तोंडावर आलेला, त्याच्यापुढं गाड्यांची चाकं आणि बैलांची जुवं पडलेली. मान वर न करता तो म्हणाला, "खुंटा? पोळ्यानंतर या."

"न्हाई, आत्ताच पाहिजे. घरात पीठ न्हाई."

"पयला कुठं गेला?"

"अजगराला दिला."

त्यानं वाकस खाली ठेवला. माझ्या हाताच्या चिंधीकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, आणि पोराला हाक मारून म्हणाला, "लिंबाचा पाला आन रं थोडा."